पेंढा भरलेल्या पक्ष्यांची बैठक



पदार्थसंग्रहालयांत आपण जातों, कांचेच्या कपाटांतील पक्षी पाहतों, त्याच्या चोंचीचें, पिसांचें, रंगाचें कौतुक करतों आणि पुढच्या कपाटाकडे वळतों. तो पक्षी ज्या बैठकीवर उभा केलेला असतो, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. एका अर्थीं हें योग्यच होय. कारण बैठक पक्ष्याहून अधिक डोळ्यांत भरली तर ती फसली, असें कारागीर मानतो. परंतु पक्ष्याचें शरीर आपणांस तो दिसतो कसा एवढेंच सांगतें. तो राहतो कोठें, बसतो कसा, कोणत्या ऋतूंत कसा असतो, हें सांगण्याचें काम बैठकीचें आहे. म्हणून बैठक चुकली कीं खरा पक्षीहि खोटें बोलूं लागतो. ही बैठक खरी कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बैठक कशी असावी हें प्रथम पक्ष्याच्या पायांस विचारावें. टिटवी घ्या. तिचें मागचें बोट अगदींच लहान असतें. फांदीला पकड घेण्याच्या तें कामाचें नाहीं. ती उघड्या जमिनीवर वावरते आणि खड्यांच्या आडोशाला, खड्यांच्याच रंगाचीं बहुधा चार अंडीं घालते. अशी टिटवी सुबक फांदीवर बसविली, तर पाहणाऱ्या मुलाच्या मनांत एक चुकीची समजूत कायमची घर करील. उलट सुतार पक्ष्याचीं दोन बोटें पुढें व दोन मागें असतात, आणि त्याचीं शेपटीचीं पिसें ताठ असतात. तो उभ्या खोडाला बिलगतो व शेपटीचा टेकू घेतो. त्याला आडवी दांडी नको, उभा बुंधाच हवा. कमळपक्ष्याचीं लांबच लांब बोटें तर तरंगत्या पानांवर अंगाचा भार पसरून देण्यासाठींच आहेत. त्याला कमळाच्या पानांवांचून गत्यंतर नाहीं.

ही दृष्टि संग्रहालयांना सावकाशीनें आली. एकोणिसाव्या शतकांत बहुतेक ठिकाणीं पक्षी कातीव लांकडी दांड्यांवर ओळीनें मांडीत. इंग्लंडांत ब्रायटन येथें एडवर्ड बूथ यानें १८७४ सालीं स्थापिलेल्या संग्रहालयांत ब्रिटिश पक्षी त्यांच्या नैसर्गिक परिसरासह मांडले. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू यॉर्क येथील अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्यें फ्रँक चॅपमन यांनीं हेंच काम मोठ्या प्रमाणावर केलें. चित्रकारांना बरोबर घेऊन ते पक्ष्यांच्या प्रत्यक्ष वसतिस्थानीं जात. आपल्याकडे १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाच्या आधारें मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमांत, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, प्राणिविभाग उभा राहिला. असे देखावे तेथें आजहि पाहावयास मिळतात.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम जागा नीट पाहून यावें. उतार कोणत्या बाजूला आहे, दगड मातींत किती रुतलेले आहेत, गवत विरळ आहे कीं दाट, हें टिपून घ्यावें व छायाचित्र घ्यावें. जेथें मनाई नसेल तेथून थोडी माती, चार खडे व वाळलेलें गवत आणावें.

न वांकणारी जाड फळी घेऊन तिच्यावर तारेच्या जाळीनें जमिनीचा उंचसखलपणा उभारावा. त्यावर कागदाच्या लगद्यांत सरस मिसळून तो थापावा. मोठे दगड खरे घेऊं नयेत. त्यांच्या भारानें बैठक खचते. प्लास्टर ऑफ पॅरिसचे पोकळ दगड करून रंगवावे व त्यांची कड मातींत बुडवावी. नुसता वर ठेवलेला दगड लगेच परका दिसतो. लगद्यांत खळ वापरली तर, बुकबाइंडर घालतात त्याप्रमाणें, तिच्यांत थोडें मोरचूद घालावें, म्हणजे कसर लागत नाहीं; मात्र मोरचूद विषारी आहे, तें मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. लगदा सावलींत पुरता वाळूं द्यावा. पावसाळ्यांत त्याला बुरशी धरते, म्हणून हें काम दिवाळीनंतर काढावें.

वाळलेल्या पृष्ठभागावर सरस लावून आणलेली माती चाळणीनें भुरभुरावी. सरसानें माती काळपट पडते. म्हणून शेवटीं तीच माती कोरडी अशी वरून हलकेच शिंपडावी, म्हणजे मूळचा रंग परत येतो. गवताच्या काड्या झुबक्याझुबक्यांनीं भोंकें पाडून रोवाव्या. एका उंचीचें, एका अंतरावरचें गवत माळावर कोठेंच नसतें. खरीं हिरवीं पानें सुकतात व आक्रसतात. त्यांच्यासाठीं पानाचा प्लास्टरचा सांचा घेऊन त्यांत पातळ कापड व मेण दाबून पानें काढतात आणि तीं रंगवितात. पाणी दाखविण्यास पूर्वी कांच घेत, आज पारदर्शक राळेसारखें रसायन ओततात. पण तळ निळा रंगवूं नये. डबक्याचें पाणी आपल्या गाळाचाच रंग घेतें. फांद्या व गवत यांतून किडे आंत येऊन पुढें पिसें खातात. म्हणून हें सर्व सामान घट्ट पिशवींत घालून कांहीं दिवस बर्फाच्या कपाटांत गोठवून मगच वापरावें.

शेवटीं पक्षी बसवावयाचा. त्याच्या पायांतून निघालेल्या तारा बैठकीच्या भोंकांतून खालीं घेऊन वळवून पक्क्या करतात. अंगाचा तोल पायांवर येतो कीं नाहीं, हें समोरून व बाजूनें पाहावें. नाहीं तर तो उभा न वाटतां टांगलेला वाटतो.

याखेरीज ऋतूचा मेळ राखावा लागतो. सुगरणीचा नर विणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यांत, पिवळा होतो. हिंवाळ्यांत तो मादीसारखाच तपकिरी दिसतो. पिवळा नर वाळक्या गवतावर बसविला, तर पक्षी आषाढाचा आणि बैठक माघाची असें होईल.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याला माळढोकाचें उदाहरण देतों. या थोर पक्ष्याला मागचें बोटच नाहीं. तो सर्वस्वीं जमिनीचा. मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडें घालते. एके काळीं दख्खनच्या माळांवर तो सहज दिसे. सोलापूरजवळ नान्नज येथें त्याच्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. तरी आज साऱ्या भारतांत दोनशेंहूनहि कमी माळढोक उरले असून बहुतेक राजस्थानांत आहेत. तो नाहींसा झाला तो केवळ बंदुकीनें नव्हे. त्याचा माळ नांगराखालीं गेला, तारांनीं व वस्तीनें व्यापला. शहरांतील मुलाला माळढोक कांचेमागेंच दिसणार असेल, तर त्याच्या पायांखालीं मुरमाड जमीन व खुरटें गवतच असावें. हिरवळ दाखविली, तर काय गमावलें हेंच त्या मुलाला कळणार नाहीं. ओसाड म्हणून आपण ज्याला नांवें ठेवतों, तेंच त्याचें घर होतें.

घरीं प्रयत्न करणाऱ्यांस दोन सूचना. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें रानपक्षी मारणें वा परवानगीवांचून त्यांत पेंढा भरणें हा गुन्हा आहे. घरटीं व अंडींहि उचलूं नयेत. दुसरें, पूर्वी कातडें टिकविण्यास सोमल घातलेला साबण चोळीत; म्हणून जुन्या पक्ष्यांस मुलांनीं हात लावूं नये, ते कांचेआडच असावेत. बैठकीची कला मात्र सर्वांस मोकळी आहे. मुलांनीं लांकडाचा किंवा मातीचा पक्षी करावा आणि त्याच्यासाठीं खरी बैठक रचावी. ती रचतांना त्यांना टिटवीमागें माळावर जावें लागेल, तिचे पाय निरखावे लागतील, तिचा ऋतु ओळखावा लागेल. पक्षी लांकडाचा असला तरी त्याच्याविषयीं मिळालेलें ज्ञान खरें असेल.