कोल्हापुरी चप्पल पारखताना

अस्सल कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावलेले असते; क्रोमियमचे क्षार वापरत नाहीत. तळ, टाच, पट्टे चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा मारत नाहीत. म्हणून दुकानात चप्पल आधी उलटी करून पाहावी: कडेला चामड्याचे थर आणि हाताची शिवण दिसायला हवी. रेक्झिनची नक्कल स्वस्त पडते, पण एकदा फाटली की कचऱ्यातच जाते. चालताना होणारा कर्रकर्र आवाज ही निव्वळ हौस, दर्जाची खूण नव्हे. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. नऊवारीवर शोभते तशी ती जीन्सवरही शोभते. नवी असताना चावते. म्हणून पट्ट्यांना आतून तेल लावावे. पावसाळ्यात मात्र घालू नये, भिजलेले कातडे फुगते.