कॉर्निश भाषेंतील नित्याचीं क्रियापदें व आज्ञा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास समुद्रांत पुढें घुसलेला जो चिंचोळा प्रदेश नकाशांत दिसतो, त्यास कॉर्नवॉल असें म्हणतात. या प्रदेशाची स्वतःची एक भाषा आहे, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. ती इंग्रजीची बोली नव्हे. वेल्श भाषा आणि फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्रेटन भाषा या तिच्या सख्ख्या बहिणी होत. तिघींचेंही कूळ केल्टिक. त्यामुळें इंग्रजींत प्रवीण असलेला विद्यार्थीही कॉर्निश वाक्यापुढें आपल्या इतकाच अनभिज्ञ असतो.

कोणतीही भाषा घरांत शिरते ती प्रथम आज्ञेच्या रूपानें. मूल नाम-सर्वनाम शिकण्यापूर्वीं ‘ये’, ‘बस’, ‘नको’ हे शब्द ओळखूं लागतें. म्हणून येथें आम्ही या भाषेचें व्याकरण समग्र न सांगतां तिच्यांतील नित्याच्या क्रियापदांचा आणि आज्ञांचाच परिचय करून देतों. कॉर्निश शब्द नागरींत लिहितांना थोडी तडजोड करावी लागली आहे. ‘थ’ व ‘ध’ हीं अक्षरें येथें जिभेचें टोंक दांतांस लावून वारा सोडीत उच्चारावीं, आणि शब्दाच्या शेवटचा ‘ख’ घशांत घासून, उर्दू ‘खबर’ शब्दांतल्याप्रमाणें म्हणावा.

प्रवाशाच्या कामीं पडणाऱ्या अशा आज्ञांचा एक जुना नमुना उपलब्ध आहे. इ. स. १५४२ च्या सुमारास अँड्र्यू बोर्ड नांवाच्या इंग्रज वैद्यानें देशोदेशींची माहिती देणारें एक पुस्तक लिहिलें; त्यांत त्यानें कॉर्निश अंक व कांहीं वाक्यें उतरून घेतलीं. पोरीनें भाकरी व पेय आणावें, बाईनें मासे आणावेत, अंडीं व लोणी आणावें, अशा खाणावळींतल्याच त्या आज्ञा आहेत. कॉर्नवॉलांत इंग्रजीचा एक शब्दही न बोलणारे पुष्कळ स्त्रीपुरुष आहेत, असेंही तो लिहितो. त्यानंतर अडीचशें वर्षें होण्यापूर्वींच ही स्थिति पार पालटली. इ. स. १७६८ मध्यें डेन्स बॅरिंग्टन नांवाचे गृहस्थ या भाषेच्या शोधांत माऊझल नांवाच्या कोळ्यांच्या गांवीं गेले. तेथें डॉली पेंट्रीथ नांवाची मासे विकणारी म्हातारी त्यांस भेटली. तिला कॉर्निश येत नसेल अशी शंका त्यांनीं बोलून दाखवितांच ती दोनतीन मिनिटें संतापून कांहीं बोलली व शेजारणी हंसूं लागल्या. मागाहून त्यांस कळलें कीं, ती त्यांस शिव्या देत होती! ही बाई इ. स. १७७७ मध्यें वारली. तिच्याच गांवच्या विल्यम बॉडिनर नांवाच्या कोळ्यानें १७७६ मध्यें बॅरिंग्टन यांस लिहिलेलें पत्र शिल्लक आहे. लहानपणीं म्हाताऱ्या माणसांबरोबर समुद्रावर जातां जातां आपण ही भाषा शिकलों, असें तो त्यांत सांगतो. बाजारांत व होडींत ती टिकली, परंतु आईबाप मुलांस ‘ये’, ‘बस’ हें इंग्रजींतून सांगूं लागल्यावर तिला घरांत जागा उरली नाहीं. भाषा मरते ती येथें, असें आमचें मत आहे. पुस्तकें मागाहून मिटतात. आमच्याकडील कित्येक सुशिक्षित घरांतही तान्ह्या मुलांस ‘सिट’ आणि ‘कम’ ऐकावें लागतें, तें पाहून ही कथा अगदींच परकी वाटत नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. मराठींत धातु तसाच ठेवला कीं एकास आज्ञा होते: बस, ऊठ, लिही. अनेकांस किंवा वडील माणसास सांगावयाचें तर ‘बसा’, ‘उठा’, ‘लिहा’. कॉर्निश भाषेची रीतही बव्हंशीं हीच. ‘एसेधा’ म्हणजे बसणें. त्यांतील शेवटचा स्वर काढला कीं ‘एसेध’, म्हणजे ‘बस’. त्यापुढें ‘एउख’ हा प्रत्यय जोडला कीं ‘एसेधेउख’, म्हणजे ‘बसा’. त्याचप्रमाणें ‘स्क्रीफा’ म्हणजे लिहिणें. ‘स्क्रीफ’ लिही, ‘स्क्रीफेउख’ लिहा. ‘काना’ म्हणजे गाणें. ‘कान’ गा, ‘कानेउख’ तुम्ही गा. मराठी मुलास हा शब्द विसरणें कठीण, कारण गाणें ऐकावयास कान लागतोच. कांहीं धातूंत मात्र आंतला स्वरही बदलतो: ‘सेवेल’ उभें राहणें, पण ‘साव’ ऊठ आणि ‘सेवेउख’ उठा, ‘लेवेरेल’ सांगणें, पण ‘लावर’ सांग आणि ‘लेवेरेउख’ सांगा. जुन्या ग्रंथांत बहुवचनाचें रूप एकट्या आदरणीय माणसासही योजिलेलें आढळतें. आपल्या ‘या, बसा’ प्रमाणेंच हें झालें.

जे धातु रोज शंभर वेळां तोंडीं येतात ते नियमास जुमानीत नाहींत, हा सर्व भाषांचा अनुभव येथेंही येतो. ‘डोझ’ म्हणजे येणें. आज्ञा ‘डेझ’ ये, ‘डेउख’ या. ‘मोझ’ म्हणजे जाणें. परंतु आज्ञा ‘के’ जा, ‘केउख’ तुम्ही जा. मूळ शब्दाचा मागमूसही येथें राहिला नाहीं. मराठींत ‘जाणें’ याचें ‘गेला’ होतें, हें ज्यास चालतें त्यानें कॉर्निशला नांवें ठेवूं नयेत. ‘डेझ ओम्मा’ म्हणजे इकडे ये. ‘के ट्रे’ म्हणजे घरीं जा. हें ‘ट्रे’ म्हणजे वाडी, वस्ती, घर. कॉर्नवॉलच्या नकाशावर ज्या असंख्य गांवांच्या नांवांचा आरंभ ‘ट्रे’नें होतो तें हेंच. भाषा बोलणारे गेले तरी गांवांनीं तिला सोडलें नाहीं.

आज्ञा सौम्य करावयाची तर ‘मार प्लेग’ हे शब्द जोडतात. आमच्या कानांस हे शब्द भयंकर वाटतील; आजीबाईंसमोर कोणीं ते उच्चारूं नयेत. पण त्यांचा अर्थ इतकाच कीं, ‘आपणांस रुचत असेल तर’. ‘एसेधेउख, मार प्लेग’ म्हणजे ‘कृपा करून बसा’.

निषेधाची आज्ञा शिकावयास सर्वांत सोपी. ‘ग्व्रा’ म्हणजे कर. त्यापूर्वीं ‘ना’ आला म्हणजे ‘ना व्रा’, अर्थात् ‘करूं नको’. त्यापुढें कोणतेंही क्रियापद मूळ रूपांत ठेवावें. ‘ना व्रा केउझेल’ म्हणजे बोलूं नको, ‘ना व्रा मोझ’ म्हणजे जाऊं नको. आमचा ‘नको’ही असाच दुसऱ्या क्रियापदाच्या मागून चालतो, फक्त तो शेवटीं येतो, हा आरंभीं.

येथें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, ‘ग्व्रा’ याचें ‘ना’पुढें ‘व्रा’ झालें. हीच कॉर्निश शिकणाऱ्याची खरी कसोटी. आमच्याकडे विभक्तीच्या वेळीं शब्दाचा शेवट बदलतो. ‘घोडा’ याचें ‘घोड्यास’ होतें. या भाषेंत शब्दाचा आरंभ बदलतो. ‘टाझ’ म्हणजे बाप; पण तुझा बाप ‘धा डाझ’, त्याचा बाप ‘ई डाझ’, तिचा बाप ‘ही थाझ’, आणि आमचा बाप पुनः ‘आगन टाझ’. क्रियापदांतही तेंच. मराठींत ‘लिहीत आहें’ म्हणतात तसें त्या भाषेंत चालू क्रिया दाखविण्यास ‘ओ’ हा शब्द धातूपूर्वीं घालतात: ‘इथ एझोव ओ स्क्रीफा’, मी लिहीत आहें. परंतु हा ‘ओ’ पुढील मृदु व्यंजनास कठोर करतो. ‘डोझ’ याचें ‘ओ टोझ’ होतें आणि ‘गूल’, म्हणजे करणें, याचें ‘ओ कूल’ होतें. नवशिका ‘कूल’ शब्द कोशांत ‘क’ खालीं शोधूं लागला तर त्याची संध्याकाळ फुकट जाते. तो ‘ग’ खालीं आहे. बोलणाऱ्याच्या जिभेस सोपें व्हावें म्हणून झालेले हे फेरफार पुस्तकावरून शिकणाऱ्यास मात्र जाचक होतात.

प्रश्नोत्तरांत आणखी एक गोष्ट आम्हांस जवळची वाटते. ‘होय’ व ‘नाहीं’ यांसाठीं एकच ठराविक शब्द न वापरतां या भाषेंत प्रश्नांतील क्रियापदच उत्तरांत परत देतात. ‘आ विन्ता डोझ?’ म्हणजे तुला यावयाचें आहे काय? उत्तर ‘मिन्नाव’, इच्छितों. किंवा ‘ना विन्नाव’, इच्छीत नाहीं. भाकरीस ‘बारा’ म्हणतात, ‘एझ बारा?’, भाकरी आहे काय? ‘एझ’, आहे. ‘जेवलास का?’ या प्रश्नास ‘जेवलों’ असेंच उत्तर देणाऱ्या मराठी मुलास हें शिकविण्याची जरूरच नाहीं.

ही भाषा बोलणारे संपले असतां तिच्या आज्ञा आज कशा समजल्या, असें कोणी विचारील. त्याचें श्रेय मुख्यतः जुन्या धार्मिक नाटकांस आहे. पंधराव्या शतकांतील हस्तलिखितांत जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंत कथा सांगणारीं तीन नाटकें राहिलीं आहेत. १५०४ सालीं लिहिलेलें एका संताचें चरित्रनाटकही आहे. नाटक म्हटलें कीं हुकूम आलेच. देव नोहास तारूं बांधावयास सांगतो, शलमोन गवंड्यांस कामास लावतो, पहारेकरी एकमेकांवर ओरडतात. निबंध उरले असते तर ‘ये’ आणि ‘जा’ हीं रूपें कदाचित् आपणांस इतकीं मिळालीं नसतीं. या साहित्याच्या आधारें हेन्री जेनर यांनीं १९०४ सालीं शिकणाऱ्यांसाठीं पुस्तक काढलें व रॉबर्ट मॉर्टन नान्स यांनीं १९२९ सालीं एक लेखनपद्धति मांडली. पुढें पद्धतींवरून शिष्यांत मोठे तंटे झाले. कोणी मध्ययुगीन नाटकांचें वळण धरी, कोणी शेवटच्या कोळ्यांच्या बोलीचें. अखेर २००८ सालीं शाळा व सरकारी कामांसाठीं एक समाईक लेखनपद्धति ठरली. तत्पूर्वीं २००२ सालीं ब्रिटिश सरकारनें युरोपच्या अल्पसंख्य भाषांच्या सनदेखालीं कॉर्निशला मान्यता दिली होती. २०११ च्या शिरगणतींत ५५७ जणांनीं ती आपली मुख्य भाषा म्हणून नोंदविली. आज कॉर्नवॉलांतील कांहीं शाळांत लहान मुलें ‘एसेधेउख’ ऐकून बसतात, आणि कांहीं थोड्या घरांत आईबाप पुनः मुलांस ‘डेझ ओम्मा’ म्हणून हांक मारतात.