तोडण्यात काटेकोर, जोडण्यात सैल

डीएनएवर काम करणारी शरीरातली बहुतेक विकरं तो जपण्यासाठी राबतात. रॅग नावाचं विकर मात्र तो मुद्दाम तोडतं. प्रतिपिंडाचं जनुक आईबापांकडून अखंड मिळत नाही, पांढरी पेशी घडताना तुकडे जुळवून ते तयार होतं, हे सुसुमु तोनेगावांनी १९७६ साली दाखवलं. तोडणारा हात सापडायला १९८९-९० उजाडलं. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड शाट्झ आणि मार्जरी ओटिंगर यांनी रॅग-१ आणि रॅग-२ ही जोडी शोधली. स्वतःच्याच गुणसूत्रावर असा घाव घालणं अविचाराचं वाटेल. पण माणसाची प्रथिनं घडवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास. त्यांत प्रत्येक जंतूसाठी वेगळं जनुक साठवायला जागा नाही, आणि उद्याचा जंतू कुठला, हे तर ठाऊकच नाही.

रॅगची शिस्त बघण्यासारखी आहे. ते एक खूण शोधतं: सात अक्षरं, मग मोकळी जागा, मग नऊ अक्षरं. मोकळी जागा १२ अक्षरांची किंवा २३ अक्षरांची, आणि बाराची जोडी तेविसाशीच लागते. त्यामुळे भलते तुकडे सहसा एकत्र येत नाहीत. आधी एकच धागा कापला जातो. त्याचं सुटं टोक समोरच्या धाग्यावर चाल करून त्यालाच चिकटतं आणि केसांच्या आकड्यासारखा बंद वळसा तयार होतो. पुढे आर्टेमिस नावाचं विकर हा वळसा उघडतं, पण बरोबर टोकावर क्वचितच. मग टीडीटी नावाचं विकर कुठल्याही साच्याशिवाय मनाला येतील ती अक्षरं जोडतं. यामुळे ढोबळमानाने तीनांतले दोन सांधे वाचताच येत नाहीत, त्या पेशींची मेहनत वाया जाते. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की सांधे नेमके लागले असते तर ठरलेल्या तुकड्यांच्या ठरलेल्या जोड्यांपलीकडे काहीच हाती आलं नसतं. प्रतिपिंडांचं खरं वैविध्य या सैलपणातच आहे.

धोका अर्थात खोटा नाही. फॉलिक्युलर लिम्फोमा या कर्करोगात १४ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते. १४ वरचा घाव रॅगचा. १८ वर तर ती खूणही नाही. तिथल्या डीएनएची घडीच वेगळी असते आणि रॅग तिलाही कापू शकतं, हे सतीश राघवन आणि मायकेल लीबर यांनी २००४ मध्ये दाखवलं. लगाम आहेत: पेशी डीएनएची नक्कल करायला निघाली की रॅग-२ नष्ट केलं जातं. तरी चूक होतेच. मग हे विकर नसतंच तर? रॅग पूर्ण निकामी घेऊन जन्मलेल्या बाळात ना बी प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात, ना टी प्रकारच्या. साधे संसर्गही जिवावर बेततात आणि बहुधा दुसऱ्याच्या मूळपेशींचं रोपण करावं लागतं. उलट १४-१८ ची अदलाबदल झालेल्या पेशी अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तातही सापडतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. कर्करोग व्हायला त्या पेशीत आणखी बिघाड साठावे लागतात.