काट्याशेजारचा आकडा

घोडबंदर रस्त्यावर फाउंटन हॉटेलजवळ वाहनं खोळंबली की मोटरसायकलचा कस लागतो. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन जागच्या जागी तापत जातं, हेडलाइट आणि ब्रेकलाइट बॅटरी खात राहतात, आणि स्पीडोमीटर मात्र वेग आणि किलोमीटरपलीकडे काहीच सांगत नाही. काशिमिऱ्याहून ठाण्याला रोज ये-जा करणाऱ्यांसाठी बाहेरून बसवलेला इलेक्ट्रॉनिक मीटर म्हणूनच निव्वळ हौस नाही.

जुन्या बुलेटवर बॅटरीची अवस्था दाखवणारी सोय कारखान्यातूनच यायची. हेडलाइटच्या घरात स्पीडोमीटरशेजारी छोटा ॲम्पिअर मीटर असे. शून्य मधोमध; काटा एका बाजूला कलला की बॅटरी चार्ज होतेय, दुसऱ्या बाजूला कलला की उतरतेय. आज तेच काम डिजिटल व्होल्टमीटर करतो. बारा व्होल्टची चांगली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण 12.6 दाखवते, गाडी चालू असताना आकडा 13.5 ते 14.5 च्या दरम्यान हवा. वेग घेऊनही तो तेराच्या वर चढत नसेल, तर चार्जिंग तपासायला हवं. सेल्फ बसण्याआधी मिळणारी ही सूचना आहे.

वेगाचा डिजिटल मीटर बसवायचा तर आधी चाक मोजावं लागतं. पुढच्या टायरवर आणि खाली जमिनीवर खडूची खूण करायची, स्वार गाडीवर बसलेला असताना चाक एक फेरा पुढे न्यायचं आणि अंतर टेपने मोजायचं. चाकावरचं चुंबक दर फेऱ्याला सेन्सरसमोरून जातं. मीटर हे फेरे मोजून त्याला दिलेल्या मापाने गुणतो. 2000 मिलिमीटरच्या जागी 2100 भरले, तर साठच्या वेगाला 63 दिसतील. टॅकोमीटरचंही तसंच; तो ठिणग्या मोजून इंजिनाचे फेरे दाखवतो. आरएक्स 100 च्या टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला ठिणगी पडते. फोर-स्ट्रोकमध्ये काही इंजिनांत दर फेऱ्याला, तर काहींत दोन फेऱ्यांना एक. हे सेटिंग चुकलं की आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो.

खरं कौशल्य वायरिंगचं. भाईंदरला मिठागरं आहेत, खाडी आहे, उत्तनला समुद्र. या खारट, दमट हवेत उघडा जोड हिरवा पडायला वेळ लागत नाही. इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापीला मीटरवरचा आकडा खाली-वर होत असेल, तर बहुधा अर्थिंग कच्चं आहे. म्हणून जोड पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा सोल्डर करून वर स्लीव्ह चढवलेली बरी. मुख्य वायर किल्लीनंतरच्या लाइनवर घ्यावी, आणि तीही फ्यूजमधून. थेट बॅटरीला जोडलेला मीटर उभ्या गाडीचीही बॅटरी हळूहळू संपवतो.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत सेन्सर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) एकाच वायरिंगवर चालतात. तिथे वायर कापणं टाळावं, वॉरंटीवरही पाणी पडू शकतं. जुन्या गाडीतही मूळ स्पीडोमीटर चालू ठेवावा. तो काढावाच लागला, तर त्यावरचे किलोमीटर लिहून ठेवावेत आणि गाडी विकताना घेणाऱ्याला सांगावेत. एकच मीटर घ्यायचा असेल, तर व्होल्टमीटर घ्या. तो सर्वांत स्वस्तात पडतो आणि रोजच्या स्वाराच्या सर्वांत जास्त कामी येतो.