तीनशे चोवीस पराभवांचं भांडवल

हरून हरून एखादा संघ किती हरेल? टेक्सासमधल्या ह्यूस्टन ॲस्ट्रोज या बेसबॉल संघाने २०११ साली १०६ सामने गमावले, २०१२ साली १०७ आणि २०१३ साली १११. तीन हंगामांत ३२४ पराभव. २०१३चे शेवटचे १५ सामने तर ओळीने गेले. हंगाम संपला म्हणून ती रांग थांबली, नाहीतर आकडा कुठवर गेला असता कोण जाणे. यातलं पहिलं वर्ष नशिबाच्या खात्यावर टाकू. पुढची दोन वर्षं मात्र बऱ्याच अंशी ठरवून घालवलेली होती.

ठरवून म्हणजे काय, हे समजायला आधी या खेळाचा पसारा डोळ्यांसमोर आणावा लागतो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येकाचे एका हंगामात १६२ सामने, तेही जेमतेम सहा महिन्यांत. म्हणजे आठवड्याला सहा-सात. एकूण २,४३० सामने आणि फलंदाजाच्या दिशेने फेकलेले सुमारे सात लाख चेंडू. २०२४ साली या सामन्यांची ७ कोटी १३ लाख तिकिटं खपली. इतक्या लांब हंगामाची एक गंमत असते: बहुतेक वाईट संघसुद्धा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सामने जिंकतात आणि बहुतेक चांगले संघसुद्धा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हरतात. १११ सामने हरलेल्या ॲस्ट्रोजनी ५१ जिंकले होते. चार वर्षांनी, २०१७ साली हाच संघ जगज्जेता झाला तेव्हा साखळीत त्याचे विजय होते १०१. टवाळीचा विषय आणि विजेता यांच्यात फरक ५० सामन्यांचा, आठवड्याला दोनाचा. कुठल्याही एका संध्याकाळी स्टेडियममध्ये जाऊन बसलं तर समोरचा संघ यांपैकी कोणता, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

हरण्यात फायदा असतो तो ड्राफ्टमुळे. शाळा-कॉलेजांतून येणारे नवे खेळाडू दरवर्षी सगळे संघ पाळीपाळीने निवडतात, आणि त्या काळी नियम सरळ होता: जो सर्वांत जास्त हरला, त्याची पाळी पहिली. मग जेमतेम बरा संघ चालवून मधल्या कुठल्यातरी नंबरावर लोंबकळत राहण्यापेक्षा तळालाच का जाऊ नये? नावाजलेले, महागडे खेळाडू विकायचे, त्यांच्या बदल्यात दुसऱ्यांची कोवळी पोरं घ्यायची, पगाराचा खर्च छाटायचा आणि पाच वर्षं दम धरायचा. खेळाडू मैदानात मुद्दाम हरत नाहीत. जिंकू शकतील असे खेळाडू मैदानात असणारच नाहीत, एवढी काळजी वरचे लोक घेतात. याला तिकडे ‘रीबिल्ड’ म्हणतात. ज्यांना राग येतो ते ‘टँकिंग’ म्हणतात.

२०११च्या अखेरीस जिम क्रेन यांनी ॲस्ट्रोज विकत घेतला आणि जेफ लुनो यांच्या हाती कारभार दिला. २०१३च्या हंगामाला संघ उतरला तेव्हा सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार अडीच कोटी डॉलरच्या आसपास होता. त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीजच्या एकट्या ॲलेक्स रॉड्रिगेझचा पगार त्याहून जास्त होता. एका बाजूला अख्खा संघ आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस, तोही खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे निम्म्याहून जास्त हंगाम बाहेर बसलेला.

आणि मग २२ सप्टेंबर २०१३चा तो रविवार. ॲस्ट्रोज क्लीव्हलंडला खेळत होते, टीव्हीवर सामना चालू होता आणि ह्यूस्टन शहरात त्या सामन्याचं रेटिंग आलं ०.०. मोजणीच्या नमुन्यात जी घरं होती, त्यांतल्या एकाही घरात तो सामना लागलेला नव्हता. त्याच वेळी शहराच्या फुटबॉल संघाचा सामना होता आणि बेसबॉल दाखवणारं चॅनेल निम्म्या घरांतसुद्धा दिसत नव्हतं, हे मान्य. तरी शून्य ते शून्यच.

स्टेडियममध्येही वेगळं चित्र नव्हतं. ह्यूस्टनच्या मैदानात सुमारे ४१,००० लोक बसतात आणि घरचे सामने ८१. म्हणजे वर्षाला ३३ लाख खुर्च्या विकायला काढलेल्या असतात. २०१२ साली त्यांतल्या १६ लाखांवर थोड्या विकल्या गेल्या. १७ लाख रिकाम्या राहिल्या. त्यातही बेसबॉलमध्ये ‘उपस्थिती’ म्हणून जो आकडा छापतात तो विकलेल्या तिकिटांचा असतो. तिकीट घेऊन जो घरीच राहिला, तोही हजर धरला जातो. प्रत्यक्षात किती मोकळ्या खुर्च्यांपुढे ती पोरं खेळत होती, त्याचा हिशेब छापत नाहीत.

एवढी किंमत मोजून हाती काय लागलं? २०१२चा पहिला नंबर वापरून त्यांनी पोर्तो रिकोचा १७ वर्षांचा कार्लोस कोरेया उचलला. त्या नंबराला लीगने ठरवलेली रक्कम ७२ लाख डॉलर होती, कोरेया ४८ लाखांवर तयार झाला. वाचलेल्या २४ लाखांतून याच ड्राफ्टमध्ये ४१व्या नंबरावर लान्स मॅककलर्स या पिचरला त्याच्या नंबराच्या दुप्पट रक्कम देता आली. पाच वर्षांनी अंतिम मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात ॲस्ट्रोजतर्फे पहिला चेंडू टाकायला हाच मॅककलर्स उभा होता आणि मागे शॉर्टस्टॉपला कोरेया. हा व्यवहार मला फार आवडतो. यात हुशारी आहे, फक्त हरण्याचा धीर नाही.

पण २०१३चा पहिला नंबर? मार्क ॲपेल, स्टॅनफर्डचा पिचर, बोनस ६३ लाख डॉलरच्या पुढे. ॲस्ट्रोजसाठी तो मेजर लीगमध्ये एकही चेंडू न टाकता दुसऱ्या संघात गेला, २०१८ साली खेळच सोडला, परत आला आणि २०२२ साली फिलाडेल्फियाकडून पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा ३०चा झाला होता. त्याच्या लगेच नंतर, दुसऱ्या नंबरावर निवडला गेलेला क्रिस ब्रायंट तोवर शिकागो कब्जबरोबर जगज्जेता होऊन मोकळा झाला होता. २०१४चा पहिला नंबर ब्रॅडी एकेन. त्याच्याशी करारच फिसकटला. तीन वर्षं ओळीने देशातलं सर्वांत चांगलं पोर निवडायचा हक्क होता आणि लागला एक.

उलट त्या संघातला सर्वांत मोठा खेळाडू कुठल्याच ड्राफ्टमधून आला नव्हता. होजे आल्तुवे व्हेनेझुएलाच्या माराकाय गावचा. उंची पाच फूट सहा इंच. ॲस्ट्रोजच्या निवड चाचणीला गेला तर फारच बुटका म्हणून त्याला घरी धाडलं. वडिलांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं. २००७ साली त्याला करार मिळाला १५,००० डॉलरचा, तेव्हाच्या दराने सहा लाख रुपये. त्या ३२४ पराभवांपैकी बहुतेकांत तो मैदानात होता, आणि २०१७ साली अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. मायनर लीगमध्ये आज अमेरिकेतच सुमारे ५ हजार पोरं वर येण्याची वाट बघत खेळत असतात. वर जागा आहेत ७८०. त्या ५ हजारांत आल्तुवे कोणता आणि ॲपेल कोणता, हे सांगण्यासाठी संघ कोट्यवधी डॉलर खर्चतात, आणि १९८८ साली १,३९०व्या नंबरावर निवडला गेलेला माइक पियाझा आज हॉल ऑफ फेममध्ये आहे.

पोरांच्या बाबतीत संघ दिवससुद्धा मोजतात. खेळाडू सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हव्या त्या संघात जायला मोकळा होत नाही आणि वर्ष भरायला संघात १७२ दिवस लागतात. हाच ब्रायंट २०१५च्या सराव सामन्यांत ९ होम रन ठोकून बसला होता, तरी कब्जने त्याला मायनर लीगमध्ये ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. हंगामाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसाने वर्ष हुकलं, कब्जना तो आणखी एक अख्खं वर्ष हक्काने मिळाला. त्याने दाद मागितली. २०२० साली निकाल विरुद्ध गेला.

मला मात्र या सगळ्या आकडेमोडीत सर्वांत चक्रावून टाकणारे आकडे तिकीटखिडकीचे वाटतात. ॲस्ट्रोज जगज्जेते झाले त्या २०१७ साली घरच्या सामन्यांना २४ लाख लोक आले. हार्वे वादळामुळे तीन सामने बाहेर हलवावे लागले, ते जमेस धरलं तरी लाख-सव्वा लाखाच्या पलीकडे फरक पडत नाही. आता दहा वर्षं मागे जाऊ. २००७ साली याच मैदानात याच संघाला बघायला ३० लाख लोक आले होते, आणि तो संघ ८९ सामने हरला होता!

हरणाऱ्याला ३० लाख, जिंकणाऱ्याला २४. कारण २००७ साली क्रेग बिजिओ खेळत होता. १९८८पासून २० हंगाम एकाच संघात काढलेला माणूस. त्या जूनमध्ये त्याचा ३,०००वा हिट झाला आणि हंगामाअखेर तो निवृत्त होणार होता. लोक त्याला बघायला येत होते. ज्यांनी त्याला विशीत पाहिलं, ते आता पोरांना घेऊन येत होते. २०१७ची पोरं कितीतरी सरस होती, पण त्यांची गावाशी ओळख व्हायची होती. गर्दी वाढली ती विजेतेपदाच्या पुढच्या वर्षी, आणि पुन्हा ३० लाखांचा आकडा गाठायला २०२३ उजाडलं. मधल्या काळात, २०१९ साली, प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याने चोरून कचऱ्याचा डबा बडवत फलंदाजाला कळवल्याचं प्रकरण उघडकीला आलं, २०२० साली ५० लाख डॉलर दंड झाला, लुनो आणि प्रशिक्षक दोघांची नोकरी गेली. बाकी अमेरिका आजही या संघाला शिव्या घालते. ह्यूस्टनचं मैदान भरतं.

विजयावर गर्दी येते हे गणित दुसरीकडेही धड जमत नाही. टँपा बे रेजनी २०२३ साली ९९ सामने जिंकले. वर्षभरात १४ लाख लोक आले आणि बाद फेरीच्या पहिल्या सामन्याला २० हजारही नाहीत. डेन्व्हरचा कोलोरॅडो रॉकीज २०२५ साली ११९ सामने हरला, तरी २४ लाखांच्या आसपास तिकिटं खपली. तिथे संध्याकाळी डोंगरामागे सूर्य बुडताना बिअर घेऊन बसायला लोक जातात, सामना चालू असतो तो असतो. ओकलंड मात्र २०२३ साली साडेआठ लाखही ओलांडू शकलं नाही, कारण मालक संघ गावाबाहेर नेणार हे लोकांना कळून चुकलं होतं. त्या १३ जूनला चाहत्यांनी उलटा बहिष्कार पुकारला: एक दिवस सगळ्यांनी यायचं, दोष आमचा नाही हे दाखवायचं. आले २७ हजारांवर. संघ गेलाच.

रीबिल्डचं खरं देणं चाहत्याच्या अंगावर पडतं, असं माझं मत आहे. मालकाचा पगारखर्च त्या वर्षांत कमी होतो, टीव्हीच्या राष्ट्रीय कराराचा वाटा तोच मिळतो. दहा वर्षांच्या पोराला मात्र वडिलांनी सांगायचं की थांब, तू पंधराचा झालास की आपण जिंकू.

शिकागो व्हाइट सॉक्सच्या चाहत्यांनी ते ऐकलं होतं. २०१६च्या डिसेंबरात संघाने आपला सर्वांत मोठा पिचर क्रिस सेल विकला आणि बांधणी सुरू केली. २०१८ साली १०० पराभव, मग २०२० आणि २०२१ साली बाद फेरी, पुढे काहीच नाही. २०२३ साली पुन्हा १०१ पराभव. २०२४ साली एकदा ओळीने २१ सामने गेले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संघ १२० पराभवांसह घरी परतला. १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सशी बरोबरी झालेली होती. आणखी एक हरला की आधुनिक काळातला उच्चांक, म्हणून कित्येक जण तो बघायलाच स्टेडियमवर आले. संघ विकून टाका म्हणून मालकाच्या नावाने घोषणा देत बसले. आणि वर्षभर ज्यांना जिंकणं जमलं नाही त्यांनी नेमके ते तिन्ही सामने जिंकले.

१२१वा पराभव २७ सप्टेंबरला परगावी, डेट्रॉइटमध्ये झाला. तिथलं स्टेडियम खच्चून भरलं होतं, पण व्हाइट सॉक्सच्या विक्रमाचं तिथे कोणाला काही पडलेलं नव्हतं. डेट्रॉइट टायगर्स हा संघ २०१९ साली ११४ सामने हरलेला, तेव्हापासून पोरं घडवत बसलेला. त्या रात्रीच्या विजयाने दहा वर्षांनी पहिल्यांदा त्याची बाद फेरी पक्की झाली.

व्हाइट सॉक्सना निदान पुढच्या ड्राफ्टचा पहिला नंबर मिळायला हवा होता. पण तोवर टँकिंगला आळा म्हणून नियम बदललेले होते. पहिले सहा नंबर आता सोडतीने ठरतात, आणि मोठ्या शहरांतल्या श्रीमंत संघाला त्या सोडतीत ओळीने दोन वर्षं जागा मिळत नाही. शिकागोने आदल्या वर्षीच पाचवा नंबर घेतला होता. १२१ पराभवांवर त्यांना मिळाला दहावा.