विश्लेषण : १२ व्होल्टची एलईडी पट्टी आग कशी लावू शकते?

एलईडी म्हणजे थंड दिवा आणि १२ व्होल्ट म्हणजे बिनधोक, असा आपला पक्का समज आहे. गणपती-दिवाळीच्या सजावटीत आणि घरच्या पीओपी छतात या पट्ट्या तासन् तास सुरू असतात. त्या तापतात कुठे, आणि घरातला एमसीबी अशा वेळी गप्प का राहतो?

मखराच्या कडेने लावलेली रंगीत एलईडी पट्टी आता घरोघरी दिसते. २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणल्यानंतर मखरांमध्ये पुठ्ठा, कागद, कापड आणि फोमशीट यांचा वापर वाढला. या साऱ्या वस्तू चटकन पेट घेणाऱ्या. ‘शॉक बसत नाही ना, मग झाले’ असे म्हणत पट्टीचे जोड याच पुठ्ठ्यामागे दडवले जातात. शॉक आणि आग हे मात्र दोन वेगळे धोके आहेत.

एलईडी खरोखर थंड असतो का?

नाही. जुन्या पिवळ्या बल्बच्या तुलनेत तो कमी तापतो, इतकेच. चांगला एलईडीही त्याला मिळणाऱ्या विजेपैकी साधारण ३० ते ४० टक्के विजेचाच प्रकाश करतो. उरलेल्या विजेची उष्णता होते. जुना बल्ब आपली बरीचशी उष्णता किरणांच्या रूपात समोर फेकतो, म्हणून त्याच्याखाली हात धरला की चटका जाणवतो. एलईडीची उष्णता समोर न येता चिपच्या पाठीमागून बाहेर पडते. त्यामुळे प्रकाशाखाली हात धरला तर काही जाणवत नाही. पण ९ वॉटच्या बल्बचा मागचा भाग अर्ध्या तासाने धरवत नाही. पट्टीची पाठ आपण पुठ्ठ्याला किंवा फोमला चिकटवतो, म्हणजे उष्णतेची वाटच बंद करतो.

व्होल्टेज कमी, तर धोका कमी नाही का?

शॉकचा धोका नक्कीच कमी. आंतरराष्ट्रीय मानकांत ५० व्होल्टपर्यंतचा एसी आणि १२० व्होल्टपर्यंतचा डीसी पुरवठा ‘अतिलघुदाब’ गटात मोडतो. कोरड्या त्वचेतून १२ व्होल्ट सहसा जाणवतही नाहीत. आगीचे गणित मात्र विद्युतप्रवाहाशी, म्हणजे अँपिअरशी जोडलेले आहे.

बाजारात मिळणाऱ्या एका प्रचलित पट्टीचे उदाहरण घेऊ. दर मीटरला ६० एलईडी आणि मीटरमागे १४.४ वॉट. पाच मीटरच्या गुंडाळीला ७२ वॉट लागतात. हेच ७२ वॉट २३० व्होल्टवर घेतले तर प्रवाह सुमारे ०.३१ अँपिअर, १२ व्होल्टवर घेतले तर ६ अँपिअर. म्हणजे १९ पट. तारेत किंवा जोडात होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तोच सैल जोड १२ व्होल्टच्या बाजूला सुमारे ३६७ पट जास्त तापतो.

जोड किती तापू शकतो?

समजा, पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडाचा रोध ०.२ ओहम आहे. २३० व्होल्टच्या बाजूला त्यात ०.०२ वॉट उष्णता तयार होईल. हाताला कळणारही नाही. १२ व्होल्टच्या बाजूला ६ अँपिअरला हाच आकडा ७.२ वॉटवर जातो. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत ७ वॉट म्हणजे जवळपास सोल्डरिंगच्या छोट्या इस्त्रीसारखी स्थिती. जोड तापला की तांब्यावर काजळी धरते, रोध आणखी वाढतो आणि जोड आणखी तापतो. आधी टेपचा गोंद वितळतो, मग तारेवरचे आवरण. त्याला चिकटून पुठ्ठा किंवा कापड असेल, तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

मग एमसीबी पडत नाही का?

अनेकांची मदार इथेच असते. घरातला ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी २३० व्होल्टच्या बाजूचा प्रवाह पाहतो. १२ व्होल्टच्या बाजूला ६ अँपिअर वाहत असले, तरी एमसीबीला दिसतात जेमतेम ०.३-०.४ अँपिअर. आरसीसीबी जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखतो. सैल जोडात गळती नसते, त्यामुळे तोही शांत राहतो. चांगला अडॅप्टर जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास स्वतः बंद होतो. पण तापलेल्या जोडातून वाहणारे ६ अँपिअर त्याच्या लेखी नेहमीचाच भार. थोडक्यात, अशी चूक पकडणारे कोणतेही उपकरण बहुतेक घरांत नसते. ती पकडायची तर डोळ्यांनी, हाताने आणि नाकाने.

दिसायला सारखी, पण २३० व्होल्टची

आणखी एक गफलत होते. ५० मीटरच्या गुंडाळ्यांतून कापून दिली जाणारी पट्टी अनेकदा थेट २३० व्होल्टवर चालते. तिच्या पिनेजवळ छोटी डबी असते. ती विजेचा दाब कमी करत नाही, फक्त एसीचे डीसी करते. अशा पट्टीच्या कापलेल्या टोकावर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंतचा दाब असू शकतो. १२ व्होल्टची समजून तिचे उघडे टोक पाण्याच्या कारंज्याजवळ किंवा मुलांच्या हाताशी सोडणे जीवघेणे ठरू शकते. पट्टीवर छापलेला व्होल्टेजचा आकडा आधी वाचा.

काय काळजी घ्यावी?

* अडॅप्टर पट्टीच्या गरजेपेक्षा मोठा घ्या. ७२ वॉटच्या पट्टीला १०० वॉटचा चांगला. तो मखरात न कोंबता मोकळ्या हवेत ठेवा.
* अडॅप्टरवर बीआयएसचे नोंदणीचिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक पाहा.
* पाच मीटरच्या पट्टीला पुढे दुसरी पट्टी जोडू नका. साऱ्या पट्ट्यांचा प्रवाह पहिल्या पट्टीच्या पातळ तांब्यातून जातो. प्रत्येक पट्टीला अडॅप्टरपासून स्वतंत्र तार द्या.
* जोड सोल्डर करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवा. पीळ आणि टेप यांवर भागवू नका.
* गुंडाळी न सोडता पट्टी पेटवू नका. मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही.
* कायमच्या कामासाठी वायरमनला अॅल्युमिनियमची पन्हळ आणि २४ व्होल्टची पट्टी सुचवा. तेवढ्याच वॉटला प्रवाह निम्मा होतो आणि जोडातली उष्णता चौथाई.
* रात्री झोपताना आणि घराला कुलूप लावताना सजावटीचा स्विच बंद करा.

बसवण्याआधीची चाचणी

पट्टी मखराला चिकटवण्यापूर्वी फरशीवर मोकळी पसरून अर्धा तास सुरू ठेवा. नंतर पिन काढून प्रत्येक जोड, पट्टीचे पहिले टोक आणि अडॅप्टर यांना हात लावून पाहा. एखादा जोड बाकी पट्टीपेक्षा गरम लागला, तर तो नव्याने करा. सजावट सुरू असताना प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तर आधी स्विच बंद करून पिन काढा. ज्वाळा दिसल्यास मेन स्विच बंद करा, तो बंद होईपर्यंत पाणी टाकू नका, सर्वांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.