बेल्ट आणि बळ

ताईंनो, लेक तायक्वांदोच्या क्लासला जाते? मग एवढं माहीत असू द्या. ऑलिंपिकमधला हा कोरियन खेळ पांढऱ्या बेल्टपासून सुरू होतो. परीक्षा देत देत पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि मग काळा. काळ्या बेल्टचं प्रमाणपत्र सोलच्या कुक्कीवॉन संस्थेचं असतं. कुणी दोन-चार महिन्यांत काळा बेल्ट देतो म्हणालं, तर पैसे भरण्याआधी प्रमाणपत्र कुणाचं ते विचारा.

पण रस्त्यात बेल्ट वाचवत नाही, सराव वाचवतो. लाथ मारताना पोटातून ओरडायला शिकवतात, त्याला 'किहाप' म्हणतात. घरी आपण "हळू बोल" म्हणतो, ते सोडा. प्रसंग आला तर ओरडायचं, हात सोडवायचा, माणसांकडे पळायचं, 112 ला फोन लावायचा. झुंजत बसायचं नाही. मीटिंग झाल्यावर दहा मिनिटं आपणही ओरडून बघू या!